बीबीसी मराठी: परक्या सरकारच्या पैशातून येणारी बातमी कितपत कामाची?

बीबीसी मराठीची कुठलीही बातमी उघडा आणि थेट तळाशी जा. तिथे एक छोटी ओळ असते: ‘बीबीसीसाठी कलेक्टिव्ह न्यूजरूमचे प्रकाशन’. बहुतेक वाचक तिथवर पोचत नाहीत आणि पोचले तरी ती ओळ वाचत नाहीत. या सेवेचं परीक्षण त्या ओळीपासूनच सुरू करायला हवं. बातमी कुणाच्या पैशातून, कुणाच्या हातून आणि कुणाच्या नावाने आपल्यापर्यंत आली, याचा अर्धा पत्ता तिथे आहे. उरलेला अर्धा लंडनमध्ये, ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या हिशेबात सापडतो.

आधी पैसा. बीबीसीची परदेशी सेवा १९ डिसेंबर १९३२ ला सुरू झाली ती फक्त इंग्रजीत, साम्राज्यात विखुरलेल्या इंग्रजांसाठी. पहिली परकी भाषा आली ३ जानेवारी १९३८ ला: अरबी. मुसोलिनीच्या इटलीचं बारी शहरातलं रेडिओ केंद्र अरबीतून ब्रिटनविरुद्ध प्रचार करत होतं, आणि त्याला इंग्रजीत दिलेलं उत्तर अरब जगात फारसं कुणी ऐकणार नव्हतं. आपल्याकडेही तोच हिशेब झाला. आकाशवाणीची परदेशी सेवा १ ऑक्टोबर १९३९ ला पश्तोतून सुरू झाली, तीही अफगाणिस्तान आणि इराणच्या दिशेने चाललेल्या जर्मन प्रचाराला तोंड द्यायला. म्हणजे दुसऱ्याच्या अपप्रचाराला तिथल्या लोकांच्या भाषेत उत्तर द्यायचं आणि त्याचं बिल सरकारने भरायचं, ही कल्पना व्हॉट्सॲपच्या काळातली नाही. ती मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हच्या जमान्यातली आहे.

एप्रिल २०१४ पर्यंत या सेवेचा खर्च ब्रिटिश परराष्ट्र खातं थेट उचलत असे. मग तो ब्रिटनमधल्या घरोघरच्या टीव्ही परवाना शुल्कावर टाकण्यात आला. दीडेक वर्षात सरकारला पुन्हा हात पुढे करावा लागला. नोव्हेंबर २०१५ मध्ये २०२० पर्यंतसाठी २८ कोटी ९० लाख पौंड जाहीर झाले, आणि ते जाहीर झाले ते संरक्षण व सुरक्षेच्या आढाव्यात. त्या पैशातून नोव्हेंबर २०१६ मध्ये ११ नव्या भाषांची घोषणा झाली. गुजराती, पंजाबी, तेलुगू आणि मराठी त्यातल्याच. मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाली. पुढे २०२१ मध्ये परराष्ट्र खात्याने वर्षाला ९ कोटी ४४ लाख पौंड दिले. त्यातले ८० लाख डिजिटल सेवा आणि अपप्रचाराशी सामना या कामासाठीचे होते. २०२५-२६ साठी हे अनुदान १३ कोटी ७० लाख पौंडांवर गेलं, म्हणजे आपल्या पैशात साधारण दीड हजार कोटी रुपये. सगळ्या भाषांचा मिळून हा आकडा आहे, आणि त्याहून मोठा वाटा अजूनही परवाना शुल्कातूनच येतो.

अनुदानाच्या अटी काय, हे वाचकाने नीट समजून घ्यावं. बातमीत काय छापायचं हे परराष्ट्रमंत्री सांगू शकत नाही, संपादन बीबीसीचं. पण कुठली भाषा सुरू करायची, कुठली बंद करायची आणि त्या सेवेची उद्दिष्टं काय असावीत, याला त्याची संमती लागते. त्यामुळे सरकारी पैशाचा ठसा शोधायचा तर वाक्यावाक्यात शोधून फारसं हाती लागत नाही. भाषांची यादी बघा. २०१७ मध्ये कोरियन सुरू झाली ती उत्तर कोरियाकडे नजर ठेवून. २००८ मध्ये बंद केलेली रोमानियन २०२४ मध्ये परत आली, कारण शेजारच्या मोल्दोव्हात रशियन प्रचाराचा जोर होता. मराठीचं गणित वेगळं होतं. २०२२ पर्यंत जगात ५० कोटी लोकांपर्यंत पोचायचं लक्ष्य बीबीसीने ठेवलं होतं, आणि मोबाइलवर वाचणाऱ्या भारतीय भाषकांशिवाय तो आकडा गाठणं अवघड होतं.

आता ती तळाची ओळ. डिजिटल बातम्यांच्या भारतीय कंपनीत परकी भांडवल २६ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा आपल्याकडे नियम आहे. बीबीसीची भारतातली कंपनी जवळजवळ पूर्णपणे ब्रिटिश मालकीची होती. तेव्हा एप्रिल २०२४ पासून हिंदी, मराठी, गुजराती, पंजाबी, तमिळ आणि तेलुगू या सहा सेवा कलेक्टिव्ह न्यूजरूम या भारतीय कंपनीकडे गेल्या. बीबीसीच्याच चार ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती काढली, प्रमुख रूपा झा. बीबीसी तिची ग्राहक आहे आणि तिच्यात बीबीसीचा २६ टक्के हिस्साही आहे. नाव आणि संपादनाचे निकष बीबीसीचे, पगार देणारी कंपनी भारतीय, आणि कायदाही भारताचा. लंडनमधल्या दस्तऐवजात दिलेलं संपादकीय स्वातंत्र्य इथे भारतीय नियमांच्या चौकटीतून जातं, ही गोष्ट डोक्यात ठेवूनच पुढे वाचावं.

परक्या सरकारच्या पैशातली बातमी मराठीच्या वाट्याला पहिल्यांदा आली असं नाही. १९४२ मध्येही बीबीसीवरून मराठी वार्तापत्रं जात होती. पौर्वात्य विभागात एरिक ब्लेअर, म्हणजेच जॉर्ज ऑर्वेल, इंग्रजी मसुदे लिहीत आणि त्यांची मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ भाषांतरं प्रसारित होत. मूळच्या कोल्हापूर भागातल्या वेणू चितळे त्याच विभागात होत्या. त्याच वर्षी जर्मनीतून आझाद हिंद रेडिओ मराठीतही बोलत होता. आणि ऑगस्टच्या शेवटी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. तीन केंद्रं, तीन बाजू. लंडनचं मराठी वार्तापत्र युरोपातल्या आघाड्यांची खबर देऊ शकत होतं. पण गोवालिया टँकच्या सभेनंतर कुणाला पकडलं, कुठे गोळीबार झाला, हे जाणून घ्यायला मुंबईकराने लंडनकडे कान लावण्यात अर्थ नव्हता. तिथे लंडन स्वतःच एक पक्ष होतं. सरकारी पैशावरच्या कुठल्याही परभाषी सेवेला लावायची कसोटी हीच. पैसे देणारा ज्या भांडणात नाही तिथे ती बहुधा भरवशाची असते. तो जिथे आहे तिथे ती दुसऱ्या स्रोतासोबतच वाचावी.

सेवा म्हणून ती कशी आहे? पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. संकेतस्थळ, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि पॉडकास्ट अशा पाच दारांनी ती येते. रेडिओ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारणही ३१ जानेवारी २०२० ला थांबलं, त्यामुळे इंटरनेट बंद असलेल्या जागी या सेवेचा काही उपयोग नाही. जिथे रेंज एकच कांडी असते तिथे पानाची फक्त मजकुराची हलकी आवृत्ती उघडावी. चित्रं, व्हिडिओ आणि मागे चालणारा बराचसा पसारा गळतो आणि लेख पटकन येतो. घाटातल्या गावात किंवा एसटीत हा फरक लगेच जाणवतो.

सदरांमध्ये तीन लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ‘तीन गोष्टी’ हा दिवसातल्या मोजक्या बातम्यांचा पॉडकास्ट. ‘सोपी गोष्ट’ हा एकच विषय उलगडणारा व्हिडिओ. आणि तिसरं ‘गावाकडची गोष्ट’. आमच्या मते या सेवेतली सर्वात मोलाची चीज हीच आहे, आणि अपप्रचाराचा विषय निघाला की नेमका तिचाच कुणी उल्लेख करत नाही. तिचे विषय बघा: सातबारा, आठ-अ, वारसनोंद, गायरान, ई-पीक पाहणी, पीकविमा, शेतरस्ता. कुठल्या संकेतस्थळावर जायचं, कुठल्या रकान्यात काय भरायचं, कुठे अडतं, हे पायरीपायरीने दाखवलेलं असतं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला १५ रुपये पडतात आणि फुकट दिसणारा उतारा कायदेशीर कामाला चालत नाही, हे एकदा नीट कळलेला माणूस ‘मोफत सातबारा मिळवण्यासाठी इथे क्लिक करा’ या संदेशाला सहसा फसत नाही. खोट्या संदेशाच्या आधी खरी माहिती पोचलेली असली की खोट्याला रुजायला जागा उरत नाही. अपप्रचाराविरुद्धच्या पैशातला मोठा वाटा अशा रोजच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामावर जायला हवा, हे आमचं ठाम मत आहे. खोट्याची चिरफाड करणारे लेख लागतातच, पण ते आग लागल्यावर आणलेलं पाणी.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. आंतरराष्ट्रीय लेखांत मूळ इंग्रजी वाक्य मराठीच्या खाली स्पष्ट दिसतं. तीन पोटवाक्यांची एक लांबलचक ओळ वाचून पुन्हा मागे यावं लागतं. परकी नावं एका लेखात एका पद्धतीने आणि दुसऱ्यात दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली असली की शोध घेताना जुने लेख हाती लागत नाहीत. अशा वेळी नावाची दोन-तीन रूपं टाकून बघावीत. त्याहून मोठी अडचण जुन्या लेखांची. जयंती, पुण्यतिथी किंवा एखाद्या घटनेच्या निमित्ताने जुना लेख पुन्हा प्रकाशित होतो आणि तशी टीप लेखातच असते. पण शीर्षकाचा स्क्रीनशॉट काढून कुणी ग्रुपवर टाकला की ती टीप मागेच राहते, आणि पाच वर्षांपूर्वीचा मजकूर आजचा होऊन फिरतो. मराठी ग्रुपवर आलेला बीबीसीचा स्क्रीनशॉट कधीही तसाच पुढे पाठवू नये. मूळ पान उघडून तारीख आणि तळाची टीप पाहावी.

बीबीसीच्या नावावर खपवलेल्या बनावट मजकुराची एक मोडस ऑपरेंडी जवळून पाहण्यासारखी आहे. २०१८ च्या कर्नाटक निवडणुकीआधी ‘बीबीसीच्या सर्वेक्षणात अमुक पक्षाला इतक्या जागा’ असा संदेश फिरला. खाली बीबीसीची लिंक होती आणि ती खरी होती. फक्त ती कुठल्या बातमीची नव्हती, थेट मुख्य पानाची होती. व्हॉट्सॲप कुठल्याही लिंकखाली त्या पानाचं चित्र आणि नाव आपोआप लावतं. त्यामुळे आकड्यांच्या खाली बीबीसीचं चिन्ह उमटलं आणि संदेशाला वजन आलं. बीबीसीने लगेच सांगितलं की आपण भारतात निवडणूकपूर्व सर्वेक्षण करत नाही. तरी त्यानंतरच्या निवडणुकांतही असे संदेश येत राहिले. ओळखायची युक्ती सोपी आहे. लिंकवर बोट दाबून धरा आणि पूर्ण पत्ता वाचा. संकेतस्थळाच्या नावानंतर ‘मराठी’ विभाग आणि त्यापुढे लेखाची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे असले तर ती एखाद्या लेखाची लिंक. नावानंतर काहीच नसेल तर ते मुख्य पान, आणि वरच्या दाव्याला त्याचा काडीचा आधार नाही.

आता ज्या कामासाठी हा पैसा मागितला जातो त्याकडे, म्हणजे अपप्रचाराशी सामन्याकडे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एकात दोघे मोटरसायकलवरून येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात आणि निघून जातात. कॅमेरा वरून, सीसीटीव्हीसारखा. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हा व्हिडिओ कराचीतल्या एका सामाजिक संस्थेच्या जनजागृती मोहिमेचा होता. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर फलक धरतात: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. शेवटचे काही सेकंद कापले आणि सावध करणारी फीत भीतीची फीत झाली.

बीबीसीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खोट्या बातम्यांवर मोठी मोहीम काढली आणि भारत, केनिया, नायजेरियात संशोधन केलं. काम चांगलं होतं. पण राईनपाड्याच्या दृष्टीने दोन उणिवा राहतात, आणि त्या पैसा वाढवला म्हणून आपोआप भरून निघत नाहीत. पहिली वेगाची. अफवा तासात पसरते. तिचा खुलासा लिहायला मूळ व्हिडिओ शोधणं, संबंधितांशी बोलणं, संपादकाची मान्यता हे सगळं लागतं; एक दिवस गेला तरी त्याला उशीर म्हणता येत नाही, कारण घाईत केलेला खुलासा चुकला तर तो अफवेहून घातक. दुसरी उणीव भाषेची. भाषांच्या यादीत ‘मराठी’ आली की काम झालं असं लंडनला वाटतं. साक्रीच्या पट्ट्यात घरात बोलली जाते ती अहिराणी आणि आदिवासी बोली. प्रमाण मराठीतला हजार शब्दांचा लेख तिथल्या बाजारात जमलेल्या माणसाच्या कानापर्यंत जात नाही. एक-दीड मिनिटाची आवाजाची फीत, त्या-त्या बोलीत, पुढे पाठवता येईल अशी, हे करायला फार खर्च लागत नाही. ते व्हावं अशी आमची मागणी आहे.

तोवर वाचकाने काय करावं? संदेश आला की आधी वरची खूण पाहा. दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी नोंद असेल तर तो पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग नव्हे, हे नक्की. मग त्यातली तीन-चार नावं निवडा: गाव, व्यक्ती, संस्था, आकडा. विशेषणं सोडून द्या. ती नावं देवनागरीत टाइप करून पुढे ‘बीबीसी मराठी’ जोडून शोधा. तिथे काही नसेल तर फॅक्ट क्रेसेंडो मराठी आणि न्यूजचेकर मराठी यांच्याकडे जा. स्थानिक अफवांसाठी त्यांचं काम अनेकदा जास्त उपयोगी पडतं, कारण ते फक्त तेच करतात आणि व्हॉट्सॲपवर आलेले संदेश तपासायला घेतात. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका आणि सर्वात जुना निकाल उघडा, सर्वात वरचा नको. व्हिडिओ असेल तर सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तीन चौकटींचे स्क्रीनशॉट वेगवेगळे तपासा. सुरुवातीची चौकट बऱ्याचदा कापलेली असते, म्हणून मधलीवर मूळ फीत सापडते. सरकारी योजनेचा दावा असेल तर शासन निर्णयाचा १८ आकडी सांकेतांक मागा. तो वर्ष, महिना आणि तारखेने सुरू होतो, आणि महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ कागद निघतो. सांकेतांक नसलेला ‘जीआर’ पुढे पाठवू नये.

इथे कुणी म्हणेल, परक्या सरकारच्या पैशापेक्षा आपल्या सरकारचं तपासणी केंद्र बरं. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा तपासणी विभाग २०१९ पासून चालू आहे, आणि नोकरभरतीच्या बनावट जाहिराती, खोट्या योजना यांच्यासाठी त्याचा खुलासा जरूर पाहावा. पण सरकारबद्दलच्या बातमीचा निवाडा सरकारनेच करावा का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विभागली. २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी दिलेल्या मताने, सरकारबद्दलची बातमी खोटी ठरवण्याचा अधिकार सरकारी तपासणी विभागाला देणारी तरतूद रद्द ठरली. तीच कसोटी लंडनलाही लावा. ब्रिटनच्या स्थलांतर धोरणावर, शस्त्रविक्रीवर, जुन्या साम्राज्याच्या हिशेबावर बीबीसी मराठीत काय येतं ते बघा आणि सोबत एखाद्या भारतीय दैनिकाचा लेख ठेवा. स्वतःबद्दलच्या बातम्या बीबीसी लपवत नाही, हे मान्य करायला हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत आयकर विभागाची पाहणी झाली, ती बातमी तिने दिली. ट्रम्प यांच्या भाषणाच्या वेगवेगळ्या तुकड्यांच्या चुकीच्या जोडणीवरून ९ नोव्हेंबर २०२५ ला महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तप्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले, तीही दिली. त्या प्रकरणात बाहेर आलेल्या टिपणात अरबी सेवेच्या गाझा वार्तांकनावरही आक्षेप होते. आक्षेपांवर मतभेद असू शकतात, पण त्यामागची अडचण प्रत्येक परभाषी सेवेची आहे. पैसे देणाऱ्यांपैकी आणि वर बसलेल्या संपादकांपैकी फार थोड्यांना ती भाषा येते. चूक झाली तर ती आधी त्या भाषेच्या वाचकालाच दिसते.

पैसा मधेच तुटला की काय होतं, याचं उदाहरण लेबनॉनमध्ये आहे. खर्चकपातीत बीबीसी अरबीचा रेडिओ २७ जानेवारी २०२३ ला, ८५ वर्षांनी, बंद झाला. तिथली रिकामी झालेली फ्रिक्वेन्सी रशियाच्या सरकारी स्पुटनिकने घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये टिम डेव्हींनी हे जाहीरपणे सांगितलं. ऐकणाऱ्याने रेडिओची सुई हलवली नव्हती. त्याच जागी दुसऱ्याचा आवाज यायला लागला. अमेरिकेत तर मार्च २०२५ मध्ये एका आदेशासरशी १९४२ पासून बोलणारी व्हॉइस ऑफ अमेरिका ही सरकारी परदेशी सेवा गप्प झाली आणि तशाच सरकारी पैशावरच्या रेडिओ फ्री युरोपला तगून राहायला युरोपीय संघाकडून ५५ लाख युरो घ्यावे लागले. ऐकणाऱ्याचा विश्वास वर्षानुवर्षं रोजच्या बातमीतून तयार होतो. संकट आल्यावर निधी ओतून तो एका आठवड्यात उभा राहत नाही. म्हणून अनुदान एकेका वर्षासाठी जाहीर करणं आम्हाला चुकीचं वाटतं. वर्षभराच्या पैशावर वार्ताहर नेमता येतो, पण गावपातळीवर त्याचे संबंध तयार होईपर्यंत पुढचा अर्थसंकल्प दारात असतो.

युक्रेनमध्ये उलट उदाहरण दिसलं. मार्च २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर बीबीसीने तिथे शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू केली: रोज चार तास इंग्रजी बातम्या, दुपारी ४ ते ६ पर्यंत १५७३५ किलोहर्ट्झवर आणि रात्री १० ते १२ पर्यंत ५८७५ वर. दोन वेगळे आकडे का, हे समजून घेण्यासारखं आहे. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी वातावरणाच्या विद्युतभारित थरावरून नीट परततात. रात्री त्या आरपार निघून जातात आणि खालच्या पोचतात. मोबाइल शॉर्टवेव्ह पकडत नाही. त्याला एसडब्ल्यू पट्टा असलेला वेगळा रेडिओच लागतो. दांडीच्या अँटेनाला पाच-सात मीटर साधी तार चिमट्याने अडकवून ती खिडकीबाहेर सोडली की आवाज उघडतो, आणि खरखर आली तर आधी जवळचा मोबाइल चार्जर आणि एलईडी दिवा बंद करून पाहायचा. ४ मार्च २०२२ ला रशियाने बीबीसीचं संकेतस्थळ अडवलं तेव्हा तिने वाचकांना टॉर आणि सायफन ही अडवलेल्या संकेतस्थळांपर्यंत पोचवणारी साधनं वापरायला सांगितलं. टॉरवरची स्वतःची आवृत्ती तिने २०१९ मध्येच काढून ठेवली होती, म्हणून ती त्या दिवशी कामाला आली. मराठी वाचकाला आज यातलं काही लागत नाही, पण इंटरनेटबंदी आपल्याकडे नवी नाही. मराठी सेवेकडे अशा दिवसासाठी कुठलीही लहर नाही.

शेवटी तक्रारीचं, कारण चूक दिसल्यावर बहुतेक जण फेसबुकच्या कॉमेंटमध्ये लिहितात आणि ती तिथेच विरते. लेखी तक्रार करा. भारतीय नियमांनुसार डिजिटल प्रकाशकाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. बीबीसीकडे थेट करायची असेल तर प्रकाशनापासून कामाच्या ३० दिवसांच्या आत करावी. ब्रिटनमधला प्रसारण नियामक ऑफकॉम या परदेशी सेवेचा मजकूर पाहत नाही, तेव्हा तिकडे अर्ज पाठवून वेळ घालवू नये. तक्रारीत लेखाचा पूर्ण पत्ता, तारीख, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, बरोबर काय आहे आणि त्याचा पुरावा द्या. पानाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण दुरुस्ती झाली की मूळ वाक्य दिसत नाही. मराठी लेखाबद्दल लंडनला लिहिताना ते वाक्य देवनागरीत देऊन त्याखाली त्याचा इंग्रजी अर्थही द्यावा. फाइल ज्याच्या टेबलावर जाईल त्याला मराठी येत असेलच असं नाही.